गोळे विकतचे चालतील, ग्रेव्ही घरची हवी

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो. मुलं (वय ११ आणि ७) शेजारच्या मैत्रिणीकडे मीटबॉल्स आणि ग्रेव्ही जेवून आली, तेव्हापासून ‘आई, तसलं कर ना’ म्हणून मागे लागलीत. मैत्रीण म्हणाली, काही नाही गं, सगळं स्लो कुकरमध्ये टाकायचं आणि ऑफिसला जायचं. मी टर्कीचा खिमा आणला, त्यात कांदा किसून घातला, आलं-लसूण आणि गरम मसाला घालून गोळे वळले, सकाळी साडेसातला थंड स्टॉकमध्ये सोडले आणि ‘लो’वर ठेवून गेले. संध्याकाळी सहाला झाकण काढलं तर करड्या पाण्यात अर्धे गोळे फुटलेले, उरलेले कोरडे ठक्क. सासूबाई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या आहेत. त्या चिकन, मटण, मासे खातात, बीफ-पोर्क नाही. त्यांनी डोकावून ‘हे खिम्याचं सूप का गं?’ एवढंच विचारलं. आता पिशवीतले तयार गोळे आणावेत का? पण मग त्यात मी काय केलं, असं वाटतं. फ्रोजन तसेच टाकले तर चालतात का? आठवड्यातून दोन दिवस मी घरून काम करते, तेव्हा थोडा वेळ असतो. आणि एक शेवटचं: सासूबाईंना हा कुकर फार आवडलाय. जाताना एक साताऱ्याला न्यायचा म्हणतात. न्यावा का?
– गोळ्यांनी गांजलेली, मिनेसोटा

उत्तर:

प्रिय गांजलेली,

तयार गोळे आण. बेलाशक आण. त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस, कारण या जेवणात खरा स्वयंपाक गोळ्यांचा नसतोच, ग्रेव्हीचा असतो. तू तुझी सगळी मेहनत गोळ्यांवर खर्च केलीस आणि ग्रेव्ही कुकरच्या भरवशावर सोडलीस. ते उलटं करायचं, की काम झालं. ‘त्यात मी काय केलं’ याचं उत्तर तुला कांदा परतताना मिळेल, आणि तो परतायला वीस-पंचवीस मिनिटं लागणार आहेत, म्हणजे विचार करायला वेळही आहे.

आधी हे भांडं समजून घे. आपल्याकडच्या बायकांना मी एका वाक्यात सांगते: स्लो कुकरमध्ये फोडणी होत नाही. मातीच्या जाड भांड्याभोवती मंद तापणारी तार, वर झाकण, आत ओलावा. ‘लो’ असो की ‘हाय’, आतला रस फार तर उकळीच्या जवळ जातो. ‘हाय’वर लवकर जातो, ‘लो’वर उशिरा, फरक एवढाच. कांदा बदामी व्हायला, खिमा तांबूस व्हायला, मसाल्याचा कच्चेपणा जायला पदार्थाचा पृष्ठभाग कोरडा आणि उकळीपेक्षा बराच जास्त गरम, साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर, जावा लागतो. ओल्या भांड्यात ते कधीच होणार नाही, मग तू दहा तास ठेव नाहीतर वीस. म्हणून तुझा गरम मसाला उग्र लागला असणार आणि रस करडा झाला. जे काही परतायचं, भाजायचं, खमंग करायचं, ते बाहेर गॅसवर किंवा ओव्हनमध्ये करून मगच कुकरमध्ये घालायचं.

दुसरी गोष्ट वेळेची. तुझे गोळे साडेदहा तास शिजले. कशासाठी? हे यंत्र ज्याच्यासाठी निघालं तो पदार्थ वेगळा होता. अर्विंग नॅक्सन नावाच्या शिकागोच्या ज्यू संशोधकाने आपल्या आईकडून ऐकलं होतं, की लिथुएनियात शुक्रवारी संध्याकाळी चोलंतचं भांडं गावच्या भटारखान्यात नेऊन ठेवत. भट्टी विझली तरी तिच्या उरलेल्या धगीवर वाल-मांस-बटाट्याचं ते कालवण रात्रभर शिजायचं, कारण शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही. त्यावरून त्याने विजेवरचं भांडं केलं, १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं. नोकरीला जाणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. हे सगळं सांगायचं कारण असं, की चोलंतमधलं मांस म्हणजे चिवट, स्नायू-शिरांचं, हाडाजवळचं. त्यातले चिवट धागे मंद आचेवर तासन्‌तास राहिले की विरघळून रसाला दाटपणा येतो. खिम्याचा चिवटपणा यंत्रातून निघतानाच मोडलेला असतो. त्याला जास्त वेळेतून मिळवण्यासारखं काही नाही, फक्त गमावण्यासारखं आहे: आतला रस. टर्की तर आधीच बिनचरबीची. म्हणून सकाळी टाकून संध्याकाळी काढायचं, हे अख्ख्या मटणाच्या तुकड्यांना ठीक, गोळ्यांना नाही. तुझ्या मैत्रिणीचं निभतं कारण ती आधीच शिजलेले, बीफ-पोर्कचे चरबीदार गोळे टाकते.

(वाल निघाले म्हणून सांगते: याच भांड्यात कधी राजमा कच्चा टाकून जाऊ नकोस. लाल राजम्यात फायटोहिमाग्लुटिनिन नावाचं विष असतं, ते उकळीनेच मरतं. मंद आचेवर टिकतं आणि पोट अक्षरशः रिकामं करतं. भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा, मगच कुकरमध्ये.)

गोळे फुटले का? तीन कारणं दिसतात. किसलेला कांदा पाणी सोडतो. तू पिळला नसशील तर ते सगळं पाणी गोळ्यात. खिम्याला धरून ठेवायला तू ना पाव घातलास, ना अंडं. आणि कच्चे मऊ गोळे थंड स्टॉकमध्ये सोडलेस. खिमा गरम लागला की वरचा थर चटकन आवळतो आणि गोळा आपला आकार धरतो. थंड पाण्यात तो आवळायला तास दीड तास लागतो, तोवर कडा सुटत राहतात. मला शंका आहे की जाण्याआधी तू एकदा डावही फिरवला असशील.

आता फ्रोजनचा प्रश्न. इथे दोन प्रकार ओळखायला शीक. पिशवीवर ‘फुली कुक्ड’ लिहिलेलं असेल तर गोळे शिजवून गोठवलेले आहेत. बहुतेक मोठ्या दुकानांतल्या पिशव्या अशाच असतात. तसं लिहिलेलं नसेल तर कच्चे समज. कच्चं गोठलेलं मांस स्लो कुकरमध्ये कधीही टाकायचं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हा स्पष्ट सल्ला आहे, आणि त्याला कारण आहे: ४० ते १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४ ते ६० सेल्सिअस, या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, आणि मंद भांड्यात गोठलेला गोळा त्या पट्ट्यातून फार सावकाश वर येतो. शिजलेले फ्रोजन गोळे पिशवीवर स्लो कुकरची कृती दिली असेल तर तसेच टाकता येतात. तरी मी म्हणेन, आदल्या रात्री पिशवी फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये उतरव. गोळ्यांवरचा बर्फ रसात वितळून ग्रेव्ही पातळ करत नाही, आणि वेळेचाही अंदाज नीट येतो. ओट्यावर रात्रभर ठेवून मात्र वितळवायचे नाहीत. तसंच, तुझ्या कुकरला उशिरा सुरू व्हायची सोय असली तरी मांस आत घालून ती वापरू नकोस. दोन तासांवर मांस खोलीच्या उबेत राहता कामा नये.

एक मांसाचा थर्मामीटर घे. टोक गोळ्याच्या मधोमध खुपसायचं: चिकन-टर्कीच्या खिम्याला १६५ फॅरनहाइट, मटणाच्या खिम्याला १६०. तयार गोळे असले तरी मी १६५ बघते. रंगावरून ठरवू नये. टर्कीचा गोळा पूर्ण शिजूनही कधी गुलाबी दिसतो आणि कधी कच्चा असूनही पांढराफटक.

पिशवी कुठली? सासूबाई आहेत, तेव्हा मागची बाजू वाचल्याशिवाय गाडीत टाकायची नाही. पुढे ‘होमस्टाइल’ असं गोंडस नाव असतं आणि मागे बीफ, पोर्क, चिकन तिन्ही एकत्र असतात. ‘इटालियन स्टाइल’मध्ये चीज आणि ओरेगॅनो असतं, ते पांढऱ्या-तपकिरी ग्रेव्हीत विचित्र लागतं, ते टोमॅटोसाठी ठेव. तुला हवी टर्कीची किंवा चिकनची पिशवी, साध्या चवीची. पाच माणसांना पावणेदोन पौंडांची, म्हणजे आठशे ग्रॅमच्या आसपासची पुरते. आणि लक्ष फक्त गोळ्यांवर ठेवून भागत नाही. बीफ हळूच शिरतं ते स्टॉकमधून, ‘ब्राऊन ग्रेव्ही’च्या पुडीतून, कांद्याच्या सुपाच्या पुडीतून. चिकन स्टॉक घे, मिठाचं प्रमाण कमी असलेला. वुस्टरशायर सॉसमध्ये छोटे मासे असतात. सासूबाई मासे खातात, तर तो चालेल, पण सांगून ठेव. त्यांचे सोमवार-गुरुवार असतील तर तेही आधी विचारून घे, नाहीतर एवढं सगळं करशील आणि त्या आमटी-भात जेवतील.

तुझ्या मैत्रिणीची कृती मला न विचारता माहीत आहे, कारण तुमच्या त्या सगळ्या पट्ट्यात तीच चालते: फ्रोजन गोळे एक पिशवी, ‘क्रीम ऑफ मशरूम’ सुपाचे दोन डबे, कांद्याच्या सुपाची एक पुडी, पेलाभर बीफ स्टॉक, शेवटी आंबट क्रीम. कॅम्पबेल कंपनीने हे मशरूमचं सूप १९३४ मध्ये काढलं आणि मिनेसोटातल्या चर्चच्या जेवणावळींत ते इतकं शिरलं की लोक गमतीने त्याला ‘लूथरन बाइंडर’ म्हणतात, म्हणजे लूथरन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं जोडकाम. नावं ठेवायचं कारण नाही. मुलांना आवडलेली चव तीच आहे, आणि एखाद्या दमलेल्या गुरुवारी तूही तशी करायला हरकत नाही. फक्त डबे, पुडी आणि स्टॉक तिन्ही खारट; एकत्र आले की रात्री पाण्याची बाटली उशाशी लागते. तसं करशील तेव्हा पुडी गाळ, डबे कमी मिठाचे घे आणि वरून मीठ घालूच नकोस.

माझी ग्रेव्ही अशी. ही तू घरून काम करतेस त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत कर.

रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी स्टिक लोणी वितळव, म्हणजे चार टेबलस्पून. दोन मोठे कांदे उभे, पातळ चिरून त्यात घाल, चिमूटभर मीठ टाक आणि मध्यम आचेवर परतत राहा. पहिली सात-आठ मिनिटं कांदा नुसतं पाणी सोडतो आणि मऊ पडतो. इथे पुष्कळ जणी ‘झाला’ म्हणून पुढे जातात. थांब. पाणी आटलं की आवाज बदलतो, सळसळ जाऊन बारीक तडतड सुरू होते. आता कडा तांबूस होतील, पातेल्याच्या तळाला तपकिरी खरड धरेल. खरड करपू द्यायची नाही: चमचाभर पाणी शिंपड, उलथन्याने खरवडून कांद्यात मिसळ, पुन्हा धरू दे, पुन्हा सोडव. तीन-चार वेळा असं झालं की कांदा निम्म्याहून कमी उरतो आणि गुळाच्या रंगाचा होतो. तुझ्या ग्रेव्हीला जो रंग हवा होता तो या खरडीत आहे. मग आठ औंस मशरूम काप करून घाल. तेही आधी पाणी सोडतील, मग ते पाणी पिऊन टाकतील. ते आटेपर्यंत आच थोडी मोठी ठेव. दोन लसूण पाकळ्या ठेचून शेवटच्या मिनिटाला.

आता चार टेबलस्पून मैदा भुरभुरव आणि दोन मिनिटं परत, कच्चा वास जाईपर्यंत. अडीच कप गरम स्टॉक थोडा थोडा ओतत ढवळ. पिठलं घोटताना गुठळी होऊ देत नाहीस, तशीच नजर ठेव. एक टेबलस्पून वुस्टरशायर, अर्धा चमचा मोहरीची पेस्ट (सँडविचला लावतात ती), भरपूर ताजी कुटलेली मिरी. एक उकळी येऊ दे. चमच्याच्या पाठीला पातळसा थर धरला की पुरे, कारण गोळे कुकरमध्ये थोडा रस सोडतात आणि झाकणाखाली काही आटत नाही. तुझी ग्रेव्ही पाणी झाली होती त्याचं अर्धं कारण हेच: कढईत आपण सवयीने पाणी जास्त घालतो, कारण ते आटणार असतं.

स्वीडिश लोक यात ऑलस्पाइस आणि जायफळ घालतात, आणि मिनेसोटात स्वीडिश-नॉर्वेजियन वस्ती दीडशे वर्षांची, त्यामुळे मैत्रिणीकडे तोच वास असेल. ऑलस्पाइस घरात नसेल तर सोड. जायफळ तुझ्याकडे आहेच. पुरणात घालतेस त्याच्या निम्मं किस. वेलची मात्र नको, गोडाचा भास होतो. सासूबाई ‘परदेशी प्रकार’ म्हणाल्या तर एक गंमत सांग: स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यानेच २०१८ मध्ये लिहिलं होतं, की त्यांच्या मीटबॉलची कृती मूळ तुर्कस्तानची, राजा बारावा चार्ल्स अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती घेऊन आला. खरंखोटं इतिहासकारांनी बघावं, पण कोफ्त्याचं घराणं जुनं आहे यात शंका नाही.

कुकरमध्ये गोळे पसर, वरून ही गरम ग्रेव्ही ओत. गरमच ओत, भांडं थंडीतून वर यायचा वेळ वाचतो. भांडं निम्म्यापासून दोन तृतीयांशांपर्यंत भरलेलं असावं. झाकण लाव, ‘लो’वर तीन ते चार तास. दीडला लावलंस तर पाच-साडेपाचला तयार, आणि त्यानंतर ‘वॉर्म’वर तासभर बसलं तरी बिघडत नाही. ‘वॉर्म’ हे शिजवायचं बटण नाही, तिथे सुरुवात करायची नाही. मधे झाकण उघडून बघायचा मोह आवर. दर वेळी वाफ जाते आणि वीसेक मिनिटं मागे पडतेस. काचेतून दिसतं की.

जेवायच्या वीस मिनिटं आधी ग्रेव्ही बघ. पातळ वाटली तर एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर दोन टेबलस्पून थंड पाण्यात कालवून घाल, ‘हाय’ कर, झाकण लाव. कॉर्नफ्लोअर कोमट रसात दाट होत नाही, त्याला उकळीजवळची उष्णता लागते. म्हणून घातल्या घातल्या ‘काही होत नाही’ म्हणून आणखी घालू नकोस, नाहीतर खळ होईल. मग कुकर बंद कर आणि अर्धा कप आंबट क्रीम. ते फ्रीजमधून काढून थेट ओतलंस तर फाटेल. वाटीत घे, त्यात डावभर गरम ग्रेव्ही घालून ढवळ, मग परत भांड्यात. कढीला दही लावताना जी काळजी, तीच. आंबट क्रीम नसेल तर हेवी क्रीम घाल, ते फाटत नाही, पण मग थोडं लिंबू पिळ.

मुलांना सोबत एग नूडल्स. पाण्यात मीठ, पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी काढायच्या. किंवा बटाटे कुस्करून. युकॉन गोल्ड जातीचे घे, सोलून उकड, पाणी निथळून कोरड्या पातेल्यात मिनिटभर हलव आणि हाताने कुस्कर. मिक्सर लावलास तर चिकट होतात. मटार वाफवून बाजूला. सासूबाईंना त्यांच्या मनाने जेवू दे. ज्वारीची भाकरी या ग्रेव्हीबरोबर चांगली लागते, तांदळाच्या भातापेक्षा नक्कीच, आणि ताटात लसणाचा ठेचा ठेव. ग्रेव्हीत मात्र लाल तिखट घालून दोन्हीकडची मनं राखायला जाऊ नकोस. मुलांनी मागितलं ते मैत्रिणीच्या घरचं जेवण. मसाला घातलास की ते ‘आईचंच नेहमीचं’ होईल आणि सासूबाईंना ते खिम्याच्या रश्श्यापुढे फिकं वाटेल. ताटातच ज्याचं त्याने जमवावं.

रविवारी हौस आली तर घरी गोळे कर, पण कच्चे कुकरमध्ये सोडू नकोस. दोन पौंड खिमा. टर्कीचा घेशील तर पंधरा टक्के चरबीचा बघ, पांढऱ्या मांसाचा कोरडा नको. नाहीतर हलाल दुकानातून बकऱ्याचा खिमा आण, सासूबाई खूश. पांढऱ्या पावाचे चार काप पाऊण कप दुधात भिजवून हाताने लगदा कर. हा लगदाच गोळा मऊ ठेवतो, पाण्याला धरून. एक अंडं, अर्धा कांदा अगदी बारीक चिरून लोण्यात परतलेला, दीड चमचा मीठ, मिरी. हलक्या हाताने कालव. कणकेसारखा मळलास तर गोळे रबरी होतील. हात ओला करून लिंबाएवढे वळ, ट्रेवर मांड, ४०० फॅरनहाइटला पंधरा ते अठरा मिनिटं भाज. वर तांबूस डाग आले, थर्मामीटरने होकार दिला, की ते पिशवीतल्या गोळ्यांच्या जागी. जास्तीचे ट्रेवरच गोठवून पिशवीत भर. म्हणजे पुढच्या वेळी पिशवीही घरचीच.

आणि सासूबाईंसाठी एकदा आपले खिम्याचे गोळे रश्श्यात कर. कांदा-खोबऱ्याचं वाटण कढईत तेल सुटेपर्यंत परतून, त्यात मसाला, मग गरम पाणी, उकळी, आणि हा रस्सा भाजलेल्या गोळ्यांवर ओतून ‘लो’वर तीन तास. पाणी नेहमीच्या दोन तृतीयांश. लवंग-दालचिनी नेहमीपेक्षा निम्मी घाल. बंद भांड्यात अख्ख्या मसाल्याचा अर्क उतरत राहतो आणि शेवटी लवंगच बोलते. कोथिंबीर आणि चमचाभर ताजा मसाला वाढताना.

उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये, मातीच्या भांड्यासकट ठेवायचं नाही. तीन-चार दिवस टिकतं. गरम करताना गॅस किंवा मायक्रोवेव्ह. स्लो कुकरमध्ये थंड अन्न गरम करू नये, कारण तोच मघाचा जंतूंचा पट्टा.

राहिला साताऱ्याचा प्रश्न. तुमचा कुकर १२० व्होल्टचा, साताऱ्याला २३०. नुसता पिन बदलायचा जोड लावून चालू केला तर तार साडेतीनपटीहून जास्त वीज ओढेल आणि पहिल्याच दिवशी जळेल, मातीचं भांडं तडकलं तर वेगळंच. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो स्वतःच काही किलोंचा, आणि भांड्याचं वजन विमानाच्या बॅगेत आधीच भारी. भारतात २३० व्होल्टचे स्लो कुकर ऑनलाइन मिळतात. हवाच असेल तर तिकडे मागव, डिजिटल नको, साध्या खटक्याचा. लाइट जाऊन आली तर तो आपोआप पुन्हा सुरू होतो, डिजिटल मात्र बहुतेक वेळा बंदच राहतो. तरी घरात कोणी नसताना लाइट किती वेळ गेली होती हे कळायला मार्ग नसतो, आणि अशा वेळी आतलं मांस टाकूनच द्यायचं असतं. सासूबाईंना हे आधी सांग, त्या मटण टाकून देतील असं मला वाटत नाही. तेव्हा त्यांच्या बॅगेत थर्मामीटर घाल. बॅटरीवर चालतो, आणि शेजारणींना दाखवायलाही बरा.

– तुझी ताई